जुनी गोळी बंद, नवी चालू. मधल्या दिवसांचं काय?

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधले फॅमिली डॉक्टर आणि मेडिकल दुकानदार यांना खुले पत्र

डॉक्टर मंडळी आणि औषधविक्रेत्या बंधुभगिनींनो, सप्रेम नमस्कार.

घबराटीवरची अल्प्राझोलाम ०.५ मिलिग्रॅमची गोळी, सकाळी एक, रात्री एक, तीन-चार वर्षं चालू. पेशंट पासष्टीचे. मुलीने मोबाइलवर कुठेतरी वाचलेलं असतं की या गोळ्यांनी विसराळूपणा येतो, म्हणून ती वडिलांना घेऊन दवाखान्यात येते. ‘या आता जुन्या झाल्या, नवीन चांगल्या आल्यात,’ असं म्हणत चिठ्ठीवरचं अल्प्राझोलाम खोडलं जातं आणि तिथे एसिटालोप्राम १० येतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरू लागतात, घाम फुटतो, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, टीव्हीचा आवाजही सहन होत नाही. एखाद्याला फिट येते. घरचे म्हणतात, नवं औषध बाधलं. मग अल्प्राझोलाम पुन्हा सुरू होतं, बहुतेक वेळा आधीपेक्षा जास्त, आणि ‘आमच्या बाबांना नवीन गोळ्या सोसत नाहीत’ हे घरात कायमचं ठरून जातं.

यात एसिटालोप्रामचा दोष फार थोडा. जुनं औषध एकदम तोडल्याचा हा परिणाम आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, लोराझेपाम ही सगळी बेन्झोडायझेपिन गटातली औषधं मेंदूतल्या ‘गाबा’ या रसायनाचं काम वाढवतात. गाबा म्हणजे मेंदूचा ब्रेक. बाहेरून रोज ब्रेक दाबला जात असेल तर काही महिन्यांत मेंदूचा स्वतःचा ब्रेक ढिला पडतो. गोळी अचानक थांबली की काही दिवस, कधी काही आठवडे, ब्रेकच नसतो. एसिटालोप्राम मेंदूतल्या सेरोटोनिन या दुसऱ्याच रसायनावर काम करतं. ते ही पोकळी भरून काढत नाही, शिवाय त्याचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. बस्पिरोन या घबराटीवरच्या आणखी एका औषधाचंही तसंच. १९८६ साली अमेरिकेत ते ‘सवय न लावणारं’ म्हणून आलं, आणि ते खरंही आहे. पण बेन्झोडायझेपिन तोडल्यावरचा त्रास त्याने थांबत नाही. वर्षानुवर्षं अल्प्राझोलाम घेतलेल्याला ते पाण्यासारखं वाटतं.

म्हणून आम्ही, या शहरात काम करणारे काही मनोविकारतज्ज्ञ आणि औषधनिर्माते, एक विनंती करतो आहोत. जुन्या औषधावरून नव्यावर जाताना नवं बसवणं आणि जुनं उतरवणं ही दोन वेगळी कामं धरा. दोन्हींच्या तारखा वेगळ्या असू द्या, आणि त्या चिठ्ठीवर लिहा.

‘जुनं’ आणि ‘नवं’ या शब्दांनी काय घोटाळा केला आहे ते आधी सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकात घबराटीवर आणि झोपेवर ब्रोमाइड दिलं जाई. ते अंगात साठून माणूस भ्रमिष्ट होऊ लागला, तेव्हा बार्बिट्युरेट आली: १९०३ मध्ये बार्बिटाल, १९१२ मध्ये फेनोबार्बिटाल. त्यांची अडचण अशी की झोप आणणारा डोस आणि श्वास थांबवणारा डोस यांत अंतर कमी. १९५५ मध्ये मेप्रोबामेट आलं ते ‘बार्बिट्युरेट नाही’ या भांडवलावर. त्याचीही सवय लागते हे पुढे उघड झालं, आणि युरोपच्या औषध यंत्रणेने २०१२ मध्ये ते थांबवण्याची शिफारस केली. मग बेन्झोडायझेपिन आली: १९६० मध्ये क्लोरडायझेपॉक्साइड, १९६३ मध्ये डायझेपाम. आपल्याकडे रॅनबॅक्सी कंपनीने १९६९ मध्ये डायझेपाम ‘काम्पोज’ नावाने आणलं. ते इतकं पसरलं की पेठांमधल्या जुन्या पिढीत ‘काम्पोज घे आणि झोप’ हे घरगुती वाक्य झालं. १९८१ मध्ये अमेरिकेत अल्प्राझोलाम आलं आणि डायझेपाम एका रात्रीत ‘जुनं’ ठरलं. १९८८ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने सांगितलं की ही औषधं दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्यावीत. त्याच सुमारास, १९८७ च्या अखेरीस, फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि पुढच्या वीस वर्षांत सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, एसिटालोप्राम यांनी घबराटीच्या उपचारात पहिली जागा घेतली.

प्रत्येक वेळी नव्याच्या बाजूने मुख्य मुद्दा एकच असे: याची सवय लागत नाही. तो पहिल्या चार-पाच वर्षांत टिकतो, कारण सवय कळायला तेवढा वेळ जावा लागतो. शिवाय पेटंट संपलेल्या औषधाची बाजू मांडायला एमआर, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, येत नाही, हेही तुम्हाला आमच्याइतकंच ठाऊक आहे. क्लिनिकच्या टेबलावर जुन्या औषधाचा पेनस्टँड कधी दिसत नाही.

अल्प्राझोलाम डायझेपामपेक्षा नवं, म्हणून चांगलं, असं मानलं गेलं. सोडण्याच्या बाबतीत मात्र ते जास्त अवघड निघालं. अंगातलं अल्प्राझोलाम निम्मं व्हायला साधारण ११ तास लागतात. त्यामुळे दोन गोळ्यांच्या मधेच औषध उतरतं, पेशंट घड्याळ बघू लागतो, आणि ही उतरती घबराट त्याला आजारच वाटते. डायझेपामला निम्मं व्हायला २० ते १०० तास लागतात, आणि त्याचं शरीरात तयार होणारं रूप त्याहून जास्त काळ टिकतं. उतरण इतकी सावकाश असल्यामुळेच अल्प्राझोलाम सोडवताना जगभर डायझेपाम वापरलं जातं. ज्याला आपण माळ्यावर टाकलं, तेच नव्यातून बाहेर पडायला उपयोगी पडतं. उलट बाजूही आहे. सत्तरीपुढच्या किंवा लिव्हर बिघडलेल्या माणसात डायझेपाम साठत जातं, तिथे लोराझेपाम बरं, कारण त्याचा निचरा सोप्या वाटेने होतो. म्हणजे निवड औषधाच्या वयावर करायची नाही. ते किती वेळ टिकतं, कुठून बाहेर पडतं आणि समोरचा माणूस कोण आहे, यावर करायची.

आता पुण्यातली सर्वांत मोठी अडचण: जोडगोळी. एसिटालोप्राम १० आणि क्लोनाझेपाम ०.५ एकाच गोळीत. नावापुढे कुठे ‘प्लस’, कुठे ‘फोर्ट’, कुठे ‘एलएस’ अशी शेपटी. पेशंटला दोन दिवसांत बरं वाटतं ते क्लोनाझेपाममुळे, आणि श्रेय जातं ‘नव्या’ गोळीला. यातलं एसिटालोप्राम बरं वाटू लागल्यानंतरही सहा महिने ते वर्षभर चालू ठेवायचं असतं. क्लोनाझेपाम दोन ते चार आठवड्यांत उतरवायचं असतं. दोन्ही एकाच गोळीत असल्यावर हे करणार कसं? गोळी अर्धी केली तर दोन्ही अर्धी होतात. पेशंटने स्वतःहून बंद केली तर दोन्हींचा सुटतानाचा त्रास एकदम सुरू होतो, आणि कोणतं लक्षण कशाचं हे कोणालाच सांगता येत नाही. आमच्या मते या जोडगोळीने नव्या पेशंटचा उपचार सुरू करू नये, एवढं साधं आहे. क्लोनाझेपामची गरज वाटलीच तर ०.२५ वेगळं लिहा, रात्री, आणि त्याच ओळीत थांबवण्याची तारीख.

जे आधीच वर्षानुवर्षं जोडगोळीवर आहेत, त्यांच्यासाठी पहिली पायरी कमी करण्याची नाही. आधी गोळ्या सुट्या करा: साधं एसिटालोप्राम १० सकाळी, साधं क्लोनाझेपाम ०.५ रात्री. एकूण औषध तेवढंच. दोन आठवडे काहीही बदलू नका. नवा रंग, नवं पाकीट पाहूनच काहींना अस्वस्थ वाटतं, ते या दोन आठवड्यांत निवळतं. त्यानंतर एसिटालोप्रामला हात न लावता क्लोनाझेपाम उतरवा.

किती वेगाने? अमेरिकेतल्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात: दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के, आणि कितीही घाई असली तरी दोन आठवड्यांत २५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. क्लोनाझेपाम ०.५ वरून ०.२५ च्या गोळ्यांनी उतरायचं तर दीड गोळी म्हणजे ०.३७५, मग एक, मग अर्धी. पहिली पायरी २५ टक्क्यांची, दुसरी ३३ ची, तिसरी थेट ५० ची. शेवटच्या दोन पायऱ्यांवर पेशंट का अडखळतात ते या आकड्यांतच आहे. अशा वेळी वय आणि लिव्हर ठीक असेल तर डायझेपामवर न्यायचं. अंदाजे हिशोब असा: क्लोनाझेपाम ०.५, अल्प्राझोलाम ०.५, लोराझेपाम १, क्लोरडायझेपॉक्साइड २५ आणि डायझेपाम १० मिलिग्रॅम साधारण एका तोलाचे. हे तोल माणसागणिक बदलतात. म्हणून पहिल्या आठवड्यात जास्त गुंगी येते का ते बघा, आणि त्या आठवड्यात स्कूटर बंद.

सुरुवातीच्या पेशंटचं उदाहरण घेऊ. वय पंचेचाळीस धरा, म्हणजे डायझेपाम चालेल. अल्प्राझोलाम ०.५ दोनदा. पहिल्या आठवड्यात फक्त रात्रीच्या गोळीच्या जागी डायझेपाम १०, सकाळची तशीच. दुसऱ्या आठवड्यात सकाळचीही बदला. गुंगी वाटली तर सकाळी ५ पुरतं. सगळं डायझेपामवर आलं की २ मिलिग्रॅमच्या गोळ्या लिहा, कारण अर्धी केली की १ मिलिग्रॅमची पायरी मिळते. १० च्या वर असताना दर दोन आठवड्यांनी २ मिलिग्रॅम, १० च्या खाली १ मिलिग्रॅम. ४ च्या खाली टक्केवारी हाताबाहेर जाते, तेव्हा पाव गोळी किंवा प्रत्येक पायरीला किमान चार आठवडे. गोळी कापायचा छोटा कटर मेडिकलमध्ये मिळतो. सुरीने पाव केल्यावर निम्मी गोळी भुगा होऊन ताटलीत राहते. हे सगळं मिळून आठ-नऊ महिने लागतात, कधी वर्ष. एखाद्या पायरीवर त्रास झाला तर तिथेच थांबा, मागे वर चढू नका. आणि ‘लागेल तेव्हा घ्या’ असं लिहून अल्प्राझोलामची पट्टी हातात ठेवू नका, त्याने सगळा हिशोब बिघडतो. अल्प्राझोलामच्या सावकाश सुटणाऱ्या, म्हणजे एसआर, गोळ्या कापायच्या नसतात. उतरवण्याआधी साध्या गोळ्यांवर आणा.

ज्यांना आधी फिट आलेली आहे, जे रोज दारू घेतात, ज्यांचा डोस मोठा आहे, ज्या गरोदर आहेत, त्यांचं हे काम दवाखान्यात करू नका. ससूनची मानसोपचार ओपीडी आहे, येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, जवळचा मनोविकारतज्ज्ञ आहे. फोनवर सल्ला हवा असेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक पेशंटच्या घरच्यांना द्या.

नवं बसवण्याबद्दल. घाबरणाऱ्या पेशंटला पहिल्याच दिवशी एसिटालोप्राम १० दिलं की पहिल्या आठवड्यात धडधड, मळमळ, पातळ शौच, हातापायांची चुळबुळ वाढू शकते. त्याला आधी सांगितलेलं नसतं, म्हणून तो रात्री कॅज्युअल्टीत पोचतो. तिथे ईसीजी नॉर्मल येतो आणि हातात अल्प्राझोलाम पडतं. ५ ने सुरू करा, नाश्त्यानंतर, सात दिवस; मग १०. सर्ट्रालिन असेल तर २५, मग ५०. ‘पहिले दहा दिवस थोडं जास्त वाटेल, मग उतरेल’ हे वाक्य चिठ्ठीच्या पाठीमागे मराठीत लिहून द्या. गुण आला की नाही याचा निवाडा सहा आठवड्यांनी. पंचविशीच्या आतल्या पेशंटमध्ये पहिले काही आठवडे आत्महत्येचे विचार येतात का ते थेट विचारा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ही चेतावणी मुलांसाठी २००४ मध्ये दिली आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांपर्यंत वाढवली. धडधडीचं कारण दुसरंच नाही ना हे कळावं म्हणून सुरू करण्याआधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघा, दिवसाचे चहा मोजायला सांगा, दम्याचा पंप किती वेळा घेतात ते विचारा. आधी कधी अति उत्साहाचा, झोपेविना काही दिवस काढल्याचा काळ होऊन गेलाय का, हेही विचारा. बायपोलर असेल तर ही गोळी उन्माद चेतवू शकते.

पासष्टीपुढच्या माणसाला बीपीच्या गोळीत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायाझाइड असेल आणि त्यात एसिटालोप्राम पडलं, तर सोडियम उतरू शकतं. आजोबा अचानक गोंधळले, तोल जाऊ लागला की घरचे म्हणतात वय झालं. दोन ते चार आठवड्यांनी सोडियम तपासा. ॲस्पिरिन किंवा गुडघेदुखीच्या गोळ्या सोबत असतील तर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. ट्रामाडॉल हे वेदनाशामक सोबत नको. या वयात एसिटालोप्राम १० च्या वर नेऊ नका, हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम होतो.

नव्याचीही सुटण्याची अडचण आहेच. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन एकदम थांबवली तर चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके, रडू येतं. फ्लुओक्सेटिन अंगात जास्त टिकतं म्हणून सोडताना सोपं. प्रीगॅबालिन या नसांच्या दुखण्यावरच्या औषधाला ‘सवय नसलेलं नवं’ म्हणून घबराटीवर लिहिण्याची जी लाट आहे तिच्याबद्दल एवढंच: ब्रिटनने एप्रिल २०१९ पासून ते नियंत्रित औषधांत टाकलं आहे. आणि तुमच्या पेशंटला तेच प्रीगॅबालिन मिथाइलकोबालामिनसोबत (बी-१२ जीवनसत्त्व) हाडांच्या डॉक्टरांकडूनही चालू असू शकतं. सगळ्या चिठ्ठ्या एकदा टेबलावर मागवा.

जुन्यांपैकी काहींची जागा अजून शाबूत आहे. तोंडी परीक्षेच्या किंवा भाषणाच्या थरथरीला प्रोप्रॅनोलॉल १० ते २० पुरतं, पण दमा असेल तर नाही. इमिप्रामिन घबराटीच्या झटक्यांवर चालतं हे १९६० च्या दशकापासून माहीत आहे. ते मागे पडलं ते कोरडं तोंड, तुंबलेली लघवी आणि जास्त गोळ्या खाल्ल्यास हृदयाला असलेल्या धोक्यामुळे. गुण कमी म्हणून नाही.

औषधविक्रेत्यांनो, यातली निम्मी भिस्त तुमच्यावर आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन या सरकारी यादीत आहेत: वेगळं रजिस्टर, डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या त्या मूळ यादीत क्लोनाझेपाम नव्हतं. यादीत ज्यांची नोंद ठेवावी लागते त्यांच्याऐवजी क्लोनाझेपाम हातात देणं सोपं, म्हणून ते निरुपद्रवी असा समज पसरता कामा नये. साधं एसिटालोप्राम लिहिलेलं असताना ‘हेच आहे, फक्त प्लस आहे’ म्हणून जोडगोळी देऊ नका. सदाशिव पेठेतल्या घाऊक बाजारात तुमचा नेहमीचा ब्रँड संपला असेल तर दुसऱ्या कंपनीचं तेच औषध, तोच डोस, डॉक्टरांना फोन करून. डायझेपाम २ च्या गोळ्यांना खप नाही म्हणून त्या ठेवल्या जात नाहीत, आणि ५ ची गोळी चार तुकडे करून खायला सांगितली जाते. दोन-चार पट्ट्या मागवून ठेवल्यात तर परिसरातल्या कितीतरी लोकांची सुटका सोपी होईल.

अल्प्राझोलामवर असलेल्या माणसाला नायट्यासाठी इट्राकोनाझोल किंवा छातीतल्या कफासाठी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं की अल्प्राझोलामचा निचरा अडतो आणि तेवढ्याच गोळीने तो दिवसभर पेंगतो. इट्राकोनाझोलसोबत तर अल्प्राझोलाम देऊच नये. टीबीचं रिफाम्पिसिन सुरू झालं की उलटं होतं, गोळी निष्प्रभ होते. या दोन्ही चिठ्ठ्या वेगवेगळ्या डॉक्टरांच्या असल्या तरी काउंटर बहुतेकदा एकच असतो, म्हणून ते आधी तुमच्याच लक्षात येईल.

शेवटचं, वेळापत्रकाचं. गणपतीच्या दहा दिवसांत आणि दिवाळीच्या आठवड्यात नवी पायरी उतरू नका. दवाखाने बंद असतात, विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्याच्या आसपासच्या पेठांत गाडी शिरत नाही, आणि ढोलाच्या आवाजात झोप तशीही लागत नाही. पेशंटकडे त्या काळात पुरतील एवढ्या गोळ्या आहेत का, ते सणाच्या आधीच्या भेटीत मोजून घ्या. कमी असतील तर चिठ्ठी तेव्हाच लिहा, आणि पुढच्या पायरीची तारीख सणानंतरच्या सोमवारची टाका.

आपले,
पुण्यात काम करणारे काही मनोविकारतज्ज्ञ आणि औषधनिर्माते